सेल बदलायला पुलाखाली कोण उतरणार?

पुलाच्या गर्डरवर संवेदक बसवणे आता फारसे अवघड नाही. त्याचा सेल संपला की मचाण बांधून माणूस पुन्हा वर चढवायचा, ही खरी अडचण आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि जुन्या पुलांच्या देखरेखीचा प्रश्न ऐरणीवर आला. ही देखरेख वर्षानुवर्षे अखंड चालायची असेल, तर विजेचा हिशेब आधी मांडावा लागेल.

संवेदक मुळात खादाड नाही. सिलिकॉन कोरून केलेला एक सूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. धक्का बसला की तो किंचित सरकतो. त्याच्या कडेचे दाते शेजारच्या स्थिर दात्यांच्या जवळ किंवा दूर जातात, दोहोंमधली विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून हादरा मोजता येतो. १९९० च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी रुळलेले हे तंत्र आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. सेल रिकामा होतो तो मोजलेल्या आकड्यांवर सतत प्रक्रिया करण्यात आणि ते रेडिओलहरींनी दूर धाडण्यात.

मग पुलाच्या थरथरीतूनच वीज का काढू नये? दाब दिला की काही स्फटिकांत विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवले होते. पण अशा स्फटिकाची पट्टी तिच्या स्वतःच्या कंप्रतेला हादरा जुळला तरच भरपूर हलते. पुलाची थरथर सेकंदाला जेमतेम काही आवर्तनांची. पट्टी जितकी लहान, तितकी तिची नैसर्गिक कंप्रता जास्त. हा मेळ सहजी बसत नाही आणि हाती येते ती वीज बहुधा मायक्रोवॅटमध्ये मोजण्याइतकी. एवढ्यावर अहोरात्र आकडे धाडणारे यंत्र चालवण्याची आशा धरणे चुकीचे आहे.

म्हणूनच आम्हाला दुसरी वाट अधिक मोलाची वाटते: कोणता हादरा दखल घेण्याजोगा, याचा निवाडा संवेदकातच व्हावा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील योहान रॉबर्टसन, अॅमस्टरडॅमच्या अॅमोल्फ संस्थेतील मार्क सेरा-गार्सिया आणि सहकाऱ्यांनी याचा विलक्षण नमुना घडवला आहे. सिलिकॉनच्या डझनावारी पट्टिका बारीक दांड्यांनी जोडलेल्या; या दांड्या स्प्रिंगांचे काम करतात. इंग्रजी ‘फोर’ उच्चारले की पट्टिका थरथरतात, ‘थ्री’ म्हटले तर नाही. ही निवड करायला बाहेरची वीज लागत नाही. ध्वनीची ऊर्जाच पुरते. गणित पट्टिकांच्या आकारात आणि जोडणीत आधीच बसवलेले असते. अर्थात, दोन शब्द ओळखणे आणि वाहनांच्या खडखडाटातून तडा जाण्याचा आवाज वेगळा काढणे यांत मोठे अंतर आहे. तरीही दिशा योग्य आहे. एरवी निजलेले यंत्र नेमक्या खुणेलाच जागे झाले, तर थोडकी वीजही पुरून उरेल.

हे काम आपल्याकडेही होऊ शकते. अशा सूक्ष्म-यांत्रिक संवेदकांना सर्वांत बारीक ट्रान्झिस्टरचे कारखाने लागत नाहीत. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोनिर्मितीच्या प्रयोगशाळा आहेत. केंद्राच्या सेमीकंडक्टर योजनेतही अशा संवेदकांच्या कारखान्यांना भांडवली खर्चाच्या निम्मे साह्य देण्याची तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली. त्याच्या जोडीला राज्याच्या बांधकाम खात्याने या प्रयोगशाळांना वापरातले मोजके जुने पूल चाचणीसाठी खुले करून द्यावेत आणि किमान दोन पावसाळ्यांच्या नोंदी जमू द्याव्यात.