सुट्टीचा आनंद हा अपराध नव्हे

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, शाळांना सुट्टी जाहीर झाली आणि सोलापूर जिल्ह्यातील आमच्या मंद्रूपच्या गल्लीबोळांतून पोरांनी जो कल्लोळ केला, तो पाहून आमच्याकडील एका विद्वान गृहस्थांचा संताप अनावर झाला. शेजारची गावे पाण्यात असता ज्यांना नाचावेसे वाटते त्यांची अंतःकरणे पाषाणाची होत, सबब गावात पाणी शिरले नसता शाळा बंद ठेवूच नयेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

गावात पाणी नव्हते खरे. पण वाटेत वडकबाळला सीनेच्या पुरामुळे विजयपूर रस्ता बंद पडला असता सोलापुराहून येणाऱ्या शिक्षकांनी काय पोहत यावयाचे होते?

राहिला पाषाणहृदयाचा आरोप. सीना फुगली ती केवळ आपल्या आभाळातील पावसाने नव्हे. अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडे कोसळलेले आणि सीना-कोळेगाव धरणातून सुटलेले पाणी तिच्या पात्रात मावेना. हे पोरांना कोणी सांगितले? सीना कुडलजवळ भीमेला मिळते, हे आपण त्यांच्याकडून घोकून घेतले. परंतु त्याच सीनेने कोणाच्या रानातील माती खरवडून नेली, कोणाच्या घरातील ज्वारी भिजून कुजली, कोणाच्या दावणीची जनावरे वाहून गेली, याविषयी अवाक्षर काढले नाही. अज्ञानास निर्दयता म्हणणे हा न्याय नव्हे, आणि ते अज्ञान दूर करणे ज्यांचे कर्तव्य, त्यांनीच फिर्यादी होऊन उभे राहावे, हा तर अन्यायाचा कळस होय. १९७२ च्या दुष्काळातही अशीच फिर्याद होती, की दुष्काळी कामांवरील सरकारी मजुरीने लोक आळशी होतात. भर उन्हात खडी फोडणाऱ्यास आळशी म्हणणारी जीभ आणि आज लेकरांना निष्ठुर ठरविणारी जीभ एकाच कुळातील आहे.

मग करावे काय? शाळा उघडताच, हजेरी आटोपल्यावर, गुरुजींनी पुरातून निघालेली एखादी वही वर्गात हातोहात फिरवावी: काळ्या गाळाने चिकटलेली पाने, सोडवू जाता फाटणारी, आणि शाई फुटून पुसट झालेले पाढे. मग मदतीसाठी केवळ वर्गणी काढू नये: वर्गणीचे पाच रुपये मूल बापाकडून आणते, त्यात त्याचे स्वतःचे काही जात नाही. आपल्या दप्तरातील कोरी वही मात्र त्याने सीनाकाठच्या मुलासाठी आपल्या हाताने, कोणाच्याही सक्तीवाचून, काढून द्यावी. आणि नदीने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली, तर सुट्टी निःशंकपणे जाहीर व्हावी.