घरबसल्या डॉलर मिळतील, पण कॉलेज सोडून नाही

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ या दोघांची कायद्यात व्याख्या केली. बातम्यांत फोटो आले ते जेवण पोहोचवणाऱ्या पोरांचे आणि टॅक्सीवाल्यांचे. पण संहितेच्या सातव्या अनुसूचीत व्यावसायिक सेवा आणि मजकूर-माध्यम सेवा पुरवणारे प्लॅटफॉर्मही आहेत. म्हणजे घरात लॅपटॉप उघडून भाषांतर, डिझाइन किंवा हिशेबाचं काम करणारे मुलगा-मुलगीही या चर्चेत येतात.

आपल्या समाजात या दुसऱ्या गटाबद्दल बोललं जातं, पण वेगळ्या सुरात. मुळशी तालुक्यात शिकवताना बारावीच्या निकालानंतर पालकांकडून हमखास ऐकू येणारं वाक्य असं: “मॅडम, आता घरबसल्या डॉलर मिळतात म्हणे. मग पोरीला पुण्याला कॉलेजला कशाला पाठवायचं?”

या एका वाक्यात एक खरी गोष्ट आहे आणि एक धोकादायक गैरसमज आहे. दोन्ही वेगळे करून बघायला हवेत.

बाजार खरा आहे

अपवर्क, फायवर, फ्रीलान्सर ही नावं आता खेड्यातल्या मुलांनाही माहीत आहेत. फ्रीलान्सर २००९ मध्ये आणि फायवर २०१० मध्ये सुरू झालं. इलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन २०१५ मध्ये अपवर्क हे नाव पुढे आलं. जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालात जगभरातल्या ऑनलाइन गिग कामगारांची संख्या १५.४ कोटी ते ४३.५ कोटींच्या दरम्यान धरली आहे. भारतात नीती आयोगाने २०२२ मध्ये सगळ्या प्रकारचे गिग कामगार मिळून २०२०-२१ साठी ७७ लाखांचा आकडा दिला आणि २०२९-३० पर्यंत तो २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज केला.

मुळशीसाठी ही गोष्ट दूरची नाही. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात आहे. जगभरच्या कंपन्यांचं काम हिंजवडी-माणच्या जमिनीवर होतं. पण त्या काचेच्या इमारतींत स्थानिक मुलांना जे काम मिळतं ते बहुतेकदा सुरक्षा, सफाई, कँटीन आणि गाडी चालवण्याचं. दुसरीकडे पिरंगुट-उरवडे पट्ट्यातले कारखाने. ७ जून २०२१ ला उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आग लागली, तेव्हा मेलेल्यांत बहुसंख्य बायकाच होत्या. कमी शिकलेल्या बाईला तालुक्यात कोणतं काम मिळतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. त्यामुळे घरात सुरक्षित बसून, आपल्या वेळेनुसार, चार पैसे मिळवता यावेत असं एखाद्या अम्मीला वाटलं, तर त्यात चूक काही नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते उघड बोललं पाहिजे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा मुस्लिम नावाच्या अर्जदाराला बोलावणं येण्याची शक्यता बरीच कमी निघाली. ऑनलाइन बाजारात नाव, फोटो आणि देश दिसतोच, भेदभाव तिथेही संपलेला नाही. पण ग्राहकाची नजर आधी जाते ती आधीच्या कामांवर आणि मिळालेल्या शेऱ्यांवर. ज्याच्याकडे दाखवायला काम आहे, त्याला तिथे बोलायची संधी मिळते.

गैरसमज कुठे आहे

गैरसमज असा की या बाजारात शिक्षण लागत नाही, फक्त खातं उघडावं लागतं. खरं तर तिथे शिक्षण जास्त लागतं. चौकातल्या मजूर नाक्यावर उभं राहणारा माणूस दहा-वीस जणांशी स्पर्धा करतो. इथे नाका पूर्ण जगाचा आहे. कराची, ढाका, मनिला, नैरोबी, पुणे, सगळे एकाच रांगेत. ज्या कामाला विशेष काही यावं लागत नाही, म्हणजे साधी डेटा एन्ट्री, कॉपी-पेस्ट, पीडीएफचं टायपिंग, तिथे गर्दी सर्वात जास्त आणि दर सर्वात कमी.

त्यात २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. अपवर्कच्या आकडेवारीवर झालेल्या एका अभ्यासात लेखनाशी संबंधित कामं करणाऱ्यांची कामं आणि कमाई दोन्ही घटल्याचं दिसलं. सगळ्यात आधी मशीनने गिळलं ते सोपं काम. म्हणजे बारावीनंतर शिक्षण थांबवून जी मुलगी ‘टायपिंगची कामं’ करायला बसेल, ती आटत चाललेल्या विहिरीवर घागर घेऊन उभी आहे.

आपल्या समाजाला हे चित्र नवीन नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने नोंदवलं होतं की मुस्लिम कामगार नियमित पगारी नोकरीत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहेत, आणि मुस्लिम बायकांत घरी बसून करण्याच्या कामाचं प्रमाण मोठं आहे. शिवणकाम, जरीकाम, पॅकिंग, नगावर मजुरी. माल आणणारा मध्यस्थ एक, दर तोच ठरवणार, आजारी पडलं तर काही नाही. शिक्षण सोडून ऑनलाइन बाजारात उतरलो तर तेच नगावरचं काम पडद्यावर येईल, फक्त मध्यस्थ परदेशात बसलेला असेल.

हिशेब करून बघा

समजा फायवरवर १० डॉलरचं काम मिळालं. फायवर विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के ठेवून घेतं. हातात ८ डॉलर. पैसे भारतात आणताना चलन बदलण्याचा खर्च वेगळा. काम करायला ३ तास लागले आणि ते मिळवायला, म्हणजे ग्राहकाशी बोलणं, नमुना दाखवणं, दुरुस्त्या, यात २ तास गेले. ८ डॉलर भागिले ५ तास. तासाला दीड डॉलरच्या आसपास. गल्लीतल्या चार मुलांची शिकवणी घेतली तर कदाचित याहून जास्त मिळेल.

अपवर्कवर तर अर्ज करायलाच ‘कनेक्ट’ विकत घ्यावे लागतात. एकाची किंमत १५ सेंट आणि एका अर्जाला अनेक कनेक्ट लागतात. कमिशन २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झालं होतं, २०२५ मध्ये कंपनीने ते ० ते १५ टक्के असं बदलतं केलं. नियम कंपनी ठरवते, आपण फक्त ‘मान्य आहे’ वर बोट ठेवतो. म्हणून पहिले सहा महिने या कामावर घर चालेल असं धरून चालू नका. ते कॉलेजच्या सोबत चालवायचं काम आहे.

मग सुरुवात कशी करायची?

पहिली गोष्ट, एकच हुनर निवडा. ‘मला सगळं येतं’ असं लिहिणाऱ्याला कोणी काम देत नाही. आपल्या मुलांकडे एक गोष्ट जन्मजात आहे आणि तिची आपल्याला किंमत नाही: घरात उर्दू-दखनी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, पुस्तकात इंग्रजी. उर्दू ध्वनिफीत ऐकून अचूक लिहून देणं, व्हिडिओला मराठी उपशीर्षकं देणं, मशीनने केलेलं उर्दू-मराठी भाषांतर तपासून दुरुस्त करणं, जुन्या इनपेज फाइलींमधला उर्दू मजकूर युनिकोडमध्ये आणून शुद्ध करणं. ही कामं मशीनला अजून नीट जमत नाहीत आणि करणारे थोडे आहेत. आवाज ओळखणाऱ्या यंत्रांसाठीही भारतीय भाषांचा आवाज लागतो. महाराष्ट्रातल्या ग्रामीण आणि झोपडपट्टीतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांकडून मराठी वाचून घेऊन असा संग्रह केल्याचा शोधनिबंध २०२० मध्येच आला होता. आयटीआय, डिप्लोमाच्या मुलांसाठी ऑटोकॅडची ड्रॉइंग, कॉमर्सच्या मुलांसाठी टॅली आणि हिशेबाची कामं आहेत. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सुरुवात म्हणून ठीक, पण तेवढ्यावर ग्राहक काम देत नाही.

दुसरी गोष्ट, खातं उघडण्याआधी तीन नमुने तयार ठेवा. शाळेच्या स्मरणिकेची मांडणी, ओळखीच्या दुकानदाराचं दरपत्रक, ट्रस्टचा वर्षाचा हिशेब. ज्याचं काम आहे त्याची परवानगी घ्या, लोकांची खासगी माहिती काढून टाका. हे नमुने म्हणजेच तुमची गुणपत्रिका.

तिसरी, खातं स्वतःच्या खऱ्या नावाने. आधार, पॅन आणि बँकेतलं नाव एकसारखं असू द्या, स्पेलिंगसकट. अपवर्कसाठी वय १८ पूर्ण लागतं. भावाच्या नावावर खातं आणि काम बहिणीचं, असं करू नका. ओळख तपासताना खातं बंद पडू शकतं, आणि मेहनत तिची असून शेरे आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. ‘तुमचं खातं भाड्याने द्या’ म्हणणाऱ्यांना तर दारात उभं करू नका.

चौथी, अर्ज छोटा आणि त्या कामापुरता लिहा. ग्राहकाने काय मागितलंय ते दोनदा वाचा. पहिल्या दोन ओळीत त्याच्या कामाबद्दल बोला, स्वतःच्या गरिबीबद्दल नाही. एकच मजकूर शंभर ठिकाणी चिकटवला की कनेक्ट जातात आणि काम येत नाही.

पाचवी, पैसे प्लॅटफॉर्मवर जमा झाल्याशिवाय काम सुरू करू नका. तासावरच्या कामात अपवर्कचं ॲप अधूनमधून तुमच्या पडद्याचे फोटो घेतं, हे घरातल्यांनाही सांगून ठेवा. ‘टेलिग्रामवर या, बाहेरून पैसे देतो’ म्हणणारा ग्राहक बहुधा पैसे देत नाही. ताम्हिणीकडच्या गावांत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क जाणार हे धरूनच मुदत कबूल करावी. उशिरा दिलेल्या पहिल्याच कामाचा वाईट शेरा बरेच दिवस पाठ सोडत नाही.

फसवणूक ओळखा

काम देणारा तुमच्याकडून अनामत, नोंदणी फी किंवा ‘सॉफ्टवेअरचे पैसे’ मागत असेल तर तो काम देणारा नाही. टायपिंगच्या नावाने करार करायचा, मग ‘चुका झाल्या, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस’ अशी धमकी द्यायची, हा जुना धंदा आहे. हॉटेलांना रेटिंग द्या, आधी थोडे पैसे भरा, दुप्पट मिळतील, हा त्याचाच नवा अवतार. फसलात तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

कायदा किती कामाचा?

संहितेनुसार प्लॅटफॉर्म कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. यातून विमा, आजारपण, म्हातारपण यासाठी योजना करता येतात. पण किमान दर, कमिशनची मर्यादा, विनाकारण खातं बंद करण्याविरुद्ध दाद, हे प्रश्न त्यातून सुटत नाहीत. तरी १६ वर्षांवरच्या प्रत्येकाने ई-श्रम पोर्टलवर नोंद करावी. ज्याची नोंद नाही, तो कुठल्याच योजनेत मोजला जात नाही. परदेशातून आलेल्या पैशाची पावती जपून ठेवा आणि उत्पन्न थोडं असलं तरी विवरणपत्र भरत जा. पुढे कर्ज किंवा शिष्यवृत्तीसाठी तोच पुरावा लागतो. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नसते.

पहिली पायरी आपण बांधू शकतो

ऑनलाइन बाजारात सर्वात अवघड असतं ते पहिलं काम. शेरा नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून शेरा नाही. हे चक्र तोडायला पैसा कमी आणि ओळख जास्त लागते. आपल्या शाळा, ट्रस्ट, पतसंस्था, दुकानदार यांच्याकडे कामं असतात: हिशेब, पत्रकं, भाषांतर, नोंदी. ती वर्षातून चार वेळा जरी शिकणाऱ्या मुलामुलींना दिली, फुकट नाही तर योग्य पैसे देऊन, आणि कामाचं लेखी पत्र दिलं, तर नमुने आपोआप तयार होतात. हिंजवडीत नोकरी करणारे आपले भाऊ-बहीण महिन्यातला एक रविवार पौड किंवा पिरंगुटला येऊन मुलांचे अर्ज तपासून देऊ शकतात. त्यांना दोन तास लागतील, मुलांचं वर्ष वाचेल.

पालकांना एवढीच विनंती. मुलीला लॅपटॉप घेऊन देणार असाल तर जरूर द्या. बँक खातं तिच्या नावावर असू द्या आणि कामाच्या वेळेत तिला चहा करायला उठवू नका. पण कॉलेजची फी त्या लॅपटॉपच्या पैशातून वजा करू नका. जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज निघतील, तेव्हा आधी तो फॉर्म भरा. अपवर्कचा फॉर्म त्यानंतरही भरता येतो.