मोटारीचे मोल कोण ठरवणार?

दसऱ्याच्या दिवशी आमच्या महाबळेश्वरात ज्या मोटारींना झेंडूच्या माळा चढतात, त्यांत आमचीही एक असते. प्रीमियर पद्मिनी, 1979 सालची. तिचा आणि माझा जन्म एकाच सालचा. वडिलांनी ती एका बंगलेवाल्याकडून जुनी म्हणूनच घेतली होती. आणि जाताना एक घर, दोन पितळी समया आणि ही मोटार एवढी इस्टेट मागे ठेवून ते गेले. घराची घरपट्टी भरली की संपले, समयांबद्दल कोणी काही विचारीत नाही. राहता राहिली मोटार! यंदा तिच्या विम्यापायी मला जे ज्ञान मिळाले, ते मॅट्रिकपर्यंतच्या माझ्या शिक्षणात कोणी दिले नव्हते. सणासुदीला वाचकांच्या पानात हे कारले वाढतो आहे याची जाणीव मला आहे. पण चिवडा-लाडवांच्या जोडीला एखादी कडू फोड बाधत नाही.

साताऱ्याच्या एका विमा कचेरीत मी कागद घेऊन गेलो. तेथल्या तरुण गृहस्थांनी यंत्रावर बोटे फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "सर, ही गाडी यादीत नाही."

"पण खाली रस्त्यावर उभी आहे," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिले. गाडी होती. पुन्हा यंत्रात पाहिले. नव्हती. अशा प्रसंगी माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही, यंत्रावर ठेवतो. शेवटी त्यांनी समजुतीने सांगितले, "फक्त थर्ड पार्टी करून घ्या. गाडीची स्वतःची किंमत आता शून्यच धरायची."

मी शाळेत मुलांना शून्य देतो, तेव्हा निदान पेपर तरी तपासतो. या गृहस्थांनी जिना उतरून गाडीचा पत्रासुद्धा चाचपून पाहिला नाही.

आता कोणी असे समजू नये की मला विम्याचाच राग आहे. तिऱ्हाइताचा विमा, म्हणजे ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात तो, कायद्याने सक्तीचा आहे आणि तो तसाच असला पाहिजे. "जुनी गाडी, बाजारापुरती काढतो, कोण धरतो?" असे म्हणणारे मोटारमालक मी आमच्या गावातही पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी माझे भांडण विमा कंपनीपेक्षाही मोठे आहे. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या खेपेस 2,000 रुपये दंड, पुन्हा सापडल्यास 4,000, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंडाचे राहू द्या. पसरणीच्या घाटात धुके उतरले म्हणजे समोरचे वळण दिसत नाही. आमच्या पद्मिनीला चारही चाकांना जुन्या धर्तीचे ड्रम ब्रेक. त्या उतारावर ते दमतात. रस्त्याच्या कडेने डोक्यावर भारा घेऊन एखादी बाई चाललेली असते. गाडी जुनी असली तरी तिने मोडलेला पाय जुना नसतो. त्या बाईच्या घरची चूल ज्या कागदावर पुढे पेटायची, तो कागद मी चार हजार वाचवण्यासाठी काढला नाही, तर मला शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्याचा अधिकार नाही.

आणि हा हप्ता काही कंपनीच्या लहरीवर नाही, तो सरकार ठरवते. 2022 सालच्या अधिसूचनेत 1000 ते 1500 सी.सी.च्या खाजगी मोटारीला वर्षाला 3,416 रुपये धरले. पद्मिनीचे इंजिन 1089 सी.सी.चे, म्हणजे ती याच रांगेत बसते. तो मी मुकाट्याने भरला.

भांडण आहे ते पुढचे. माझी स्वतःची गाडी दरीत गेली, जळाली, चोरीला गेली, तर काय?

येथे कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, सुटे भाग मिळत नाहीत, बाजारभावाचा तक्ता नाही, आणि भंगार गाडीचा विमा उतरवून ती मुद्दाम पेटवणारे लोक जगात आहेत. हे सगळे खरे आहे. परंतु या अडचणींवर उपाय कोणालाच सुचला नव्हता असे मात्र नाही. 2002 सालचे मोटार-विम्याचे दरपत्रक उघडून पाहा. पहिल्या पाच वर्षांत गाडीची किंमत किती उतरायची याचा तक्ता त्यात होता. पाचव्या वर्षी ती निम्म्यावर येते. आणि पाच वर्षांपलीकडच्या गाडीचे काय? तिची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत समजुतीने ठरवावी, असा नियम त्यात होता. समजुतीने! आमच्या कचेरीत समजूत झाली ती एकट्या यंत्राची.

त्याच दरपत्रकात आणखी एक गंमत होती. 1940 सालच्या अखेरीपूर्वी बनलेली मोटार असेल आणि जुन्या मोटारींच्या अखिल भारतीय क्लबाचा दाखला असेल, तर तिची ठरीव किंमत आधीच मान्य करून त्या रकमेचा विमा उतरवण्याची सोय होती. वर हप्त्यात सूटही. म्हणजे युक्ती ठाऊक होती. ती संस्थानिकांच्या तबेल्यातल्या रोल्सपर्यंत पोचली आणि मास्तरांच्या पद्मिनीपाशी येऊन तिचा श्वास कोंडला. विलायतेत जुन्या मोटारींचे वेगळे विमे सर्रास मिळतात: किंमत आधी ठरवायची, वर्षात अमुक मैलांपलीकडे गाडी न्यायची नाही असे कबूल करायचे, आणि हप्ता बहुधा कमीच पडतो. कारण उघड आहे. जो माणूस दर रविवारी गाडीचे बॉनेट मुलाच्या कपाळासारखे पुसतो, तो ती भरधाव हाकीत नाही.

आपल्या सरकारने जुन्या मोटारींचा विचार केला नाही असेही नाही. 2021 साली नियम झाला: पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल, तिला 'व्ही.ए.' अक्षरांचा क्रमांक मिळेल. नव्या नोंदणीला 20,000 रुपये. 2022 पासून अशा गाडीला तिऱ्हाइताच्या हप्त्यात निम्मी सूटही आहे. वाचून मला आनंद झाला. पण पुढची ओळ वाचली. ही गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही! प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. घरातल्या आजीला शाल-श्रीफळ द्यायचे आणि त्याच दिवसापासून तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी करायची, त्यातला हा सत्कार. आमची पद्मिनी 2029 साली पन्नाशी गाठील. तोवर ती तरुणांत नाही आणि म्हाताऱ्यांतही नाही. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे 600 रुपये मात्र 2022 साली एकदम 5,000 झाले. घेताना तिचे वय बरोबर मोजले जाते. देताना ते यादीत सापडत नाही.

वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघाल्या, मुंबईच्या तीन पिढ्या त्यांच्या टॅक्सींतून हिंडल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा केवढे गहिवर दाटून आले! फोटो निघाले, आठवणी लिहिल्या गेल्या. मेलेल्या गाडीला हार घालायला काही पडत नाही. जिवंत गाडीला माणूस विम्याची पावती मागतो, तेव्हा मात्र यादी पुढे येते.

माझे मागणे फार नाही. कंपनीने माणूस पाठवून गाडी पाहावी. मिस्त्रीची बिले, फोटो, इंजिनाची स्थिती पाहून किंमत ठरवावी आणि ती कागदावर लिहावी. गाडी जितकी चालेल तितका हप्ता घेण्याची परवानगी विमा नियामकाने जुलै 2022 मध्ये दिलीच आहे. ती जुन्या गाड्यांना मोकळ्या मनाने लावावी. पावसाचे चार महिने आमची पद्मिनी छपराखाली गवताच्या आडोशाने झाकलेली असते. झोपलेल्या गाडीचा अपघात होत नाही, एवढे गणित मॅट्रिकलाही येते. आणि मालकांनीही आपली बाजू राखावी: दरवर्षी ब्रेक तपासावेत, बिले जपून ठेवावीत, आणि "शून्य" हे उत्तर ऐकून जिना उतरून येऊ नये.

मी उतरलो नाही. पुढच्या आठवड्यात वडिलांच्या हातची वही घेऊन पुन्हा गेलो. टायर कधी बदलले, प्लग कधी साफ केले, सगळे तारीखवार तिच्यात लिहिलेले आहे. त्या तरुणाने पाने उलटली, बराच वेळ उलटली. मग म्हणाला, "सर, साहेबांना दाखवतो. गाडी खाली आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

या खेपेस तो जिना उतरून आला. विमा अजून हाती यायचा आहे. पण बॉनेट उघडून तो आत वाकला, तेव्हा दसऱ्याची वाळलेली माळ त्याने आधी हळूच बाजूला सारली होती. या माणसाशी समजूत होऊ शकेल, असे मला तेव्हा वाटले.