घरातील कचेरी आणि तिचे भाडे

लहान फ्लॅटात कचेरी कशी थाटावी, या विषयावर गेल्या काही वर्षांत इतके उपदेशामृत आमच्या कानी पडले आहे की, आता त्या अमृताचेच अजीर्ण व्हावे. २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी पुकारली गेली, आणि ज्यांची कामे संगणकावर होत त्यांस ती घरी बसून करणे भाग पडले. या उपदेशाचा ओघ तेव्हापासून सुरू झाला. टाळेबंदी उठली, तरी ओघ काही आटला नाही. उपदेशकांचा पाठ बहुधा ठरलेला असतो. भिंतीला मिटणारे टेबल बसवावे. उजेड समोरून येईल असे बसावे. पाठीमागची भिंत फिक्या रंगाने रंगवावी, म्हणजे मीटिंगमधील इतर मंडळींस ती प्रसन्न दिसते. टेबलावर एखादे हिरवे रोप ठेवावे. आणि घरच्या माणसांस आपली कामाची वेळ समजावून सांगावी. टेबल, भिंत, रोप आणि घरची माणसे! या चार वस्तूंची मांडणी साधली की कचेरी सिद्ध झाली. आमचे रोपाशी भांडण नाही. चारशे चौरस फुटांच्या घरात कचेरी आणणे हे सुताराचे काम आहे, ही जी समजूत या उपदेशाच्या मुळाशी आहे, तिच्याशी मात्र आमचे भांडण आहे. कारण सुताराला बोलावण्यापूर्वी ज्या हिशेबनिसाला बोलवायला हवे होते, त्याची आठवण अद्याप कोणास झालेली दिसत नाही.

प्रथम टेबलाचाच हिशेब घेऊ. चार फूट लांब व दोन फूट रुंद असे बेताचे टेबल घेतले, आणि खुर्ची मागे सरकण्यास व माणसास उठण्याबसण्यास तीन फूट सोडले, म्हणजे वीस चौरस फूट झाले. ठाण्या-डोंबिवलीकडे चारशे चौरस फुटांच्या फ्लॅटास महिना वीस हजार रुपये भाडे पडते, असे क्षणभर धरून चालू. चौरस फुटास पन्नास रुपये. म्हणजे टेबलाच्या जागेस महिना एक हजार. हे झाले दिसणाऱ्या जागेचे. आता पंखा, दिवा, लॅपटॉप आणि वाय-फायचे यंत्र ही मिळून दीडशे-पावणेदोनशे वॅटची मंडळी रोज नऊ तास चालली, तर महिन्याच्या बावीस दिवसांत तीस-पस्तीस युनिट वीज खर्ची पडते. कोणी वातानुकूलन यंत्र लावले तर हा आकडा कोठल्या कोठे जाईल. काही कंपन्यांनी टाळेबंदीच्या काळात खुर्चीपुरते पैसे दिले, हे आम्ही विसरत नाही. पण खुर्चीखालच्या फरशीचे भाडे एखाद्या धन्याने आपण होऊन देऊ केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

पण टेबल ही लहान बाब आहे. खरी जागा शांतता व्यापते. वीस चौरस फुटांच्या त्या कोपऱ्यात बसलेला मनुष्य बोलू लागला की, दहा बाय चौदाचा सबंध हॉल कचेरी होतो. एकशे चाळीस चौरस फुटांचे, वरच्याच दराने, सात हजार रुपये भाडे. जागेपणाच्या सोळा तासांपैकी नऊ तासच धरले आणि सुट्यांचे दिवस वजा केले, तरी तीन हजारांच्या आसपास येते. हिशेबात आम्ही कंजूषपणा केला तो मुद्दाम, म्हणजे कोणी आमच्यावर अतिशयोक्तीचा आरोप ठेवू नये. आणि जी माणसे या हॉलमधून हलविली जातात त्यांच्या मनस्तापाचा आकडा यात धरलेलाच नाही. आमच्या पाहण्यातील एका घरी सकाळी अकराच्या आत कुकर उतरवावा असा दंडक आहे, कारण मुलाची मीटिंग चालू असता कुकरची शिटी परदेशी ऐकू जाते. सासूबाई म्हणतात, "अहो, डाळ शिजायला वेळ लागतो, ती काय यांचे घड्याळ बघते?" त्यांचे यजमान, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मीटिंग लांबली की वर्तमानपत्र घेऊन जिन्याच्या पायरीवर जाऊन बसतात. शेजारी विचारतात, तेव्हा ते "जरा वाऱ्याला बसलो" असे सांगतात. त्या जिन्याला खिडकी नाही.

आता येथे कोणी इतिहासाचे अभिमानी असे म्हणतील की, घरी काम करण्यात नवल ते काय? आपले कुलकर्णी घरीच दप्तर ठेवीत, वैद्य घरीच नाडी पाहत, वकिलांचे पक्षकार घरीच येत. हे अगदी खरे आहे. पण ही सर्व कामे कोठे चालत, हे या अभिमान्यांनी आठवून पाहावे. ती ओसरीवर चालत. वाड्याला दिंडी दरवाजा होता, अंगण होते, ओसरी होती, मग माजघर, आणि त्याही पलीकडे स्वयंपाकघर. बाहेरचा मनुष्य ओसरीवर अर्धा दिवस बसून गेला तरी माजघरातील पाळण्याची दोरी थांबत नसे. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी, अशी म्हण आहे. परंतु पाय पसरण्याआधी देण्यास ओसरी तरी होती! आमच्या फ्लॅटाचे दार जिन्यावरून एकदम हॉलात उघडते. मुंबईकडच्या घरोघरी जी बाल्कनी होती, तीही बंद करून केव्हाच खोलीत घेतली गेली आहे. येथे भटाने पाय पसरले की ते थेट पाळण्याला लागतात.

किंबहुना आमच्या शहरांतील लहान घर हे मुळी घरातील माणसे बाहेर जातील या हिशेबानेच लहान राहिले. वरळी-नायगावच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात उभ्या राहिल्या. तेथील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसांचे बिऱ्हाड चालले ते कशाच्या बळावर? कोणी दिवसपाळीस गिरणीत, कोणी रात्रपाळीस, पोरे शाळेत, म्हातारे गॅलरीत. खोली पाळीपाळीने वापरली जाई. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलास तर खोलीत स्थान नव्हतेच. तो रस्त्यावरील दिव्याखाली जाऊन बसे, आणि वरळीत अशा मुलांमुळे एका रस्त्याचे नावच 'अभ्यास गल्ली' पडले. पुढे चाळीच्या जागी फ्लॅट आले, १६० चे ३००-४०० झाले. गॅलरी मात्र गेली. कमावता मनुष्य सकाळी आठ ते रात्री आठ घरी नाही, हे गृहीत धरूनच आपण 'एवढे पुरे' म्हणून त्या घराचे हप्ते पत्करले. आता कंपनीने तो मनुष्य दिवसभर घरी पाठविला, एवढेच नव्हे, तर त्याच्यामागून आपली कचेरीही पाठविली. हप्ते आमचेच राहिले.

धन्याचे काम घरी करणारा वर्ग २०२० साली प्रथमच जन्मास आला, असे जे लिहिले जाते, तेही आम्हांस मान्य नाही. सोलापुरात आणि सिन्नरात विडी वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या धन्याची तंबाखू व पाने घरी आणून, मांडीवर सूप घेऊन बसत आल्या आहेत. गिरणगावातील खानावळवाल्या बायकांनी दहा फुटी खोल्यांतून कामगारांस जेवू घातले; १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांस 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणले तेव्हा कोठे बँकेच्या दारात त्यांस कोणी ओळखू लागले. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे पीठ आजही सभासद बायका घरी नेऊन लाटतात. यांच्या कोपऱ्याचा रंग कोणता असावा, त्यांनी उजेडाकडे तोंड करून बसावे की पाठ, याविषयी कोणा उपदेशकाने एक ओळ लिहिल्याचे आम्हांस आठवत नाही. आणि गंमत अशी की, ज्या विडीवालीकडे आम्ही शिकलेली मंडळी दयेने पाहतो, तिच्या बाबतीत कायद्याने १९६६ सालीच मान्य केले की, घरी बसून विड्या वळणारी बाई हीदेखील कामगारच होय. तो कायदा सुखासुखी झाला नाही, आणि तो अंमलात आणण्यासाठीही त्या बायकांस मोर्चे काढावे लागले. आम्ही मात्र मोर्चा न काढता मिटणारे टेबल विकत घेतले.

आमच्याविरुद्ध सर्वांत बळकट आक्षेप लोकलगाडीचा आहे, आणि त्याला बगल देण्याची आमची इच्छा नाही. डोंबिवलीहून सकाळची जलद गाडी पकडणे म्हणजे काय, हे आम्ही देहाने जाणतो. जाण्यायेण्याचे तीन तास वाचले, दाराला लोंबकळणे वाचले, तान्हे मूल असलेल्या कितीतरी बायकांची नोकरी टिकली. हे लाभ खोटे आहेत असे म्हणणारा मनुष्य त्या गाडीत कधी चढलेलाच नसला पाहिजे. पण म्हणून काय? ते तीन तास कंपनीने कधी दिले नव्हते. ते आमचेच होते, आणि रेल्वे ते खात होती. आमचे तास आम्हांस परत मिळाले याबद्दल आम्ही कंपनीस हॉल बिनभाड्याने द्यावा, हा कोठला न्याय? आवळा देऊन कोहळा काढणे आपण ऐकले आहे. येथे आवळाही आमच्याच झाडाचा आहे. शिवाय हल्ली बऱ्याच कंपन्यांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस कचेरीत येण्याचा नियम केला आहे. त्यायोगे लोअर परळच्या काचेच्या इमारतीत एका खुर्चीवर आळीपाळीने दोन माणसे बसतात आणि कंपनीच्या खुर्च्या निम्म्या होतात. घरचे टेबल मात्र उरलेल्या दिवसांसाठी म्हणून आठवडाभर मांडलेलेच राहते, आणि लोकलही सुटत नाही.

धन्यावर एवढे तोंडसुख घेतल्यावर घरच्या धन्यांकडेही वळले पाहिजे, कारण या पापाचा वाटा आमच्याही पदरी आहे. पतिपत्नी दोघेही नोकरी करणारी अशा घरांत टेबल कोणास मिळते? आमच्या पाहण्यात बहुधा पतीस. पत्नी लॅपटॉप घेऊन पलंगावर बसते, नाहीतर ओट्याच्या कडेला उभी राहते. तिची पाठ दुखू लागली म्हणजे तिला योगासने सुचविली जातात. तिची मीटिंग चालू असता दाराची घंटा वाजली तर दूधवाल्यास पैसे द्यायला तीच उठते, कारण 'त्यांचे' काम महत्त्वाचे असते. प्रस्तुत लेख आम्ही ज्या जेवणाच्या टेबलावर लिहीत आहोत, त्यावर गेली दोन वर्षे आमच्या कागदांचा मुक्काम आहे, आणि घरातील मंडळी ताट मांडीवर घेऊन जेवत आहेत. हे लिहू लागेपर्यंत त्यात काही वावगे आहे असे आमच्या ध्यानात आले नव्हते.

धन्याकडून मागावयाचे तर मागण्यास आधार आहे. स्पेनमध्ये २०२० च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला व पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. त्यान्वये नियमितपणे घरून काम करणाऱ्यास साधने पुरविणे व कामाचा खर्च सोसणे ही धन्याची जबाबदारी ठरली. पोर्तुगालने २०२१ साली कायदा करून वीज व इंटरनेट यांचा वाढीव खर्च धन्यावर टाकला, आणि कामाच्या वेळेबाहेर नोकरास छेडू नये असेही बजावले. आमच्याकडे २०१८ साली खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच अर्थाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते; त्याचा कायदा झाला नाही. २०२० च्या ३१ डिसेंबरला केंद्र सरकारने सेवाक्षेत्रासाठी आदर्श नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात धनी नोकरास घरून काम करू देऊ शकेल, असे कलम आहे. मुभेचे कलम आहे, भाड्याचे नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नेमणुकीच्या पत्रात पगाराच्या खाली जागेचे भाडे, वीज आणि इंटरनेट अशी वेगळी ओळ असावी, आणि जो महिनाभर घरून काम करतो त्यास ती रक्कम पगाराव्यतिरिक्त मिळावी. ज्याच्या घरी जागाच नाही त्यास घराजवळ बसण्याची जागा कंपनीने भाड्याने घेऊन द्यावी. अशी जागा मिळत नाही ही सबब आम्ही ऐकणार नाही. मुलांसाठी अभ्यासिका आपण गल्लोगल्ली काढल्याच आहेत. शिवाय कितीतरी सोसायट्यांत तळमजल्यावर एक कार्यालयाची खोली असते. तिच्यात वर्षातून एकदा सभा भरते, गणपतीचे मखर ठेवलेले असते, आणि एरवी कुलूप असते. त्या खोलीत सहा टेबले सहज मावतात. आमच्या सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत तिचा दर चौरस फुटास काय ठेवावा, हा विषय आम्ही लेखी दिला आहे. जिन्याच्या पायरीवर बसणाऱ्या त्या गृहस्थांचा फ्लॅट आमच्याच इमारतीत आहे, आणि त्या अर्जावर पहिली सही त्यांचीच आहे.