आधी पडायला शिकवा

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या धाराशिवात कुणी आइस स्केटिंगबद्दल लिहितंय म्हटल्यावर हसू येणारच. हसून घ्या. पण एरिन जॅक्सन हे नाव ऐकलंय? अमेरिकेतल्या फ्लोरिडाची, म्हणजे आपल्यासारख्याच उकाड्यातली मुलगी. वाढली चाकांच्या इनलाइन स्केट्सवर, बर्फाकडे वळली ती विशी उलटून गेल्यावर, आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ५०० मीटर स्पीड स्केटिंगचं सुवर्ण तिनं जिंकलं.

हे जमतं कारण एका रेषेतली चाकं आणि बर्फावरचं पातं यांचा पाया बराचसा एकच आहे. गुडघे वाकवा, वजन एका पायावर घ्या, दुसऱ्यानं मागे नाही, बाजूला ढकला. थांबणं मात्र वेगळं. पातं आडवं घासतं, चाक आडवं घासत नाही. तेवढं बर्फावर गेल्यावर नव्यानं शिकावं लागतं.

पण या सगळ्याच्या आधीचा धडा आहे पडण्याचा. तोल जातोय असं वाटलं की हात गुडघ्यांवर, खाली वाका आणि कुशीवर बसते व्हा. मागे तळहात टेकला की मनगट गेलंच. मग उठणं : दोन्ही गुडघे टेका, एक पाऊल पुढे रोवा, त्या मांडीवर हात दाबून उभे राहा. पाच-सहा वर्षांच्या पोराकडून हे स्केट्स न घालता, सतरंजीवर दहादा करून घ्यायचं. त्यानंतर स्केट्स घालून बदकाची चाल, मग दोन पायांवर घसरणं. बऱ्याच ठिकाणी हे सगळं गाळून आठवडाभरात पोराला शर्यतीत उभं करतात. आई-बाबांना रील हवं असतं ना! पोरगं एकदा जोरात आपटतं आणि स्केट्स माळ्यावर जातात, कायमचे.

खरं तर वाकून पळणं आणि बिनधास्त पडणं आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. सारिका काळे इथलीच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या खो-खो संघाची कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. खो-खोत खुंटाला वळसा घालताना शरीर जसं खाली झुकतं, स्केटरही वळणावर तसाच झुकतो. फरक असा की खो-खोला माती पुरते, स्केटिंगला गुळगुळीत फरशी लागते आणि स्केट्सचा खर्च वेगळा. म्हणून हा खेळ परवडणाऱ्या घरांतच अडकून राहतो.

बर्फाची रिंक मागू नका. डेहराडूनची रिंक २०११ मध्ये बांधली आणि पुढे कित्येक वर्षं बंद पडून होती, तिथे आपलं काय! मागायचा तो तुमच्या कॉलेजचा सिमेंटचा कोर्ट. संध्याकाळी तो रिकामाच असतो. क्रीडाशिक्षकांना गाठा, एक तास गल्लीतल्या पोरांसाठी मागून घ्या. जाणता प्रशिक्षक एक हवाच, पण हात धरायला तुम्ही पुरेसे आहात. हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्या-कोपराचे पॅड वर्गणी काढून घेता येतात. चार-पाच जोड स्केट्स आळीपाळीनं वापरता येतात. आणि हो, आधी कोर्ट झाडा. एवढासा खडाही चाक अडवतो, दोन खराटे सोबत ठेवा.