पेढीमागची मालमोटार



गेल्या चैत्रात वेल्ह्यास जाणे झाले. पुणे-सातारा मार्ग सोडून नसरापूरहून आत वळले की काही वेळाने तोरण्याचा डोंगर समोर येतो आणि त्याच्या पायथ्याशी वेल्हे लागते. तेथे आमच्या घराण्याची भुसाराची पेढी होती. पेढी कधीच बंद झाली. गोदाम तेवढे उभे आहे. त्या गोदामामागे, गळक्या पत्र्याच्या छपराखाली आमची जुनी मालमोटार उभी आहे. काकांनी ती भंगारवाल्यास किलोच्या भावाने देण्याचे ठरविले होते. "देण्यापूर्वी एकदा पाहून जा," एवढाच त्यांचा निरोप होता.

ही गाडी टाटा-मर्सिडीज बनावटीची. टेल्को आणि जर्मनीची डेम्लर-बेंझ यांचा करार १९५४ मध्ये झाला व १९६९ पर्यंत चालला. त्या काळात जमशेदपूरहून निघालेल्या मालमोटारींच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असे. आमच्या गाडीची चांदणी कोणी काढून नेली आहे. तिच्या जागी गोल डाग तेवढा उरला आहे. हौद्याच्या फळ्या कुजल्या आहेत, फाळक्याच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. परंतु चेसिस सरळ आहे आणि पाटे शाबूत आहेत.

काका सांगू लागले. याच गाडीतून आंबेमोहोर तांदूळ व हिरडा कात्रजचा घाट ओलांडून पुण्याच्या भवानी पेठेत जाई आणि परतताना मीठ, गूळ, कापड येई. पावसाळ्यात ओढे भरले की गाडी अलीकडे थांबे आणि पोती डोक्यावरून पलीकडे नेली जात. ऐकताना मनात आले की, आपल्या घरांतील जुन्या मोटारीचे छायाचित्र दिवाणखान्यात लागते. मोटार ही घराण्याची शोभा होती; घराण्याचे पोट मात्र मालमोटारीने भरले. तिचे छायाचित्र आपल्यापैकी किती जणांकडे असेल?

मालमोटारीच्या इतिहासात आपल्या समाजाचा वाटाही मोठा आहे. सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी देशात मोटार बनविण्याचा ध्यास घेतला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या. बैलगाडीवर चालणारा आडगावचा व्यापार ज्या गाड्यांनी दूरच्या बाजारपेठांशी जोडला, त्यांत या गाड्याही होत्या.

मी काकांस म्हणालो, "काका, ही आपण दुरुस्त करू."

ते हसले. "अरे, जिचा उपयोग नाही ती वस्तू राखणे हाही परिग्रहच नव्हे काय?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. पुष्कळ विचाराअंती मला वाटते ते असे : दहा गाड्या जमवून त्यांचे प्रदर्शन मांडणे हा परिग्रह खराच. परंतु ज्या एका साधनाने घर उभे केले, ते मर्यादा घालून जपणे ही कृतज्ञता आहे. आम्ही मर्यादा ठरविली : गाडी एकच, खर्च वर्षाच्या ठरावीक रकमेच्या आत, आणि गाडी तयार झाल्यावर ती गावातील मुलांना पाहावयास खुली.

नसरापूरच्या बाजूचे एक वृद्ध मिस्त्री आले. तरुणपणी त्यांनी अशीच इंजिने उघडली होती. मी उत्साहाने रंगाचा विषय काढताच ते म्हणाले, "शेठ, रंग शेवटी. आणि हिला सेल्फ मारू नका. आधी हातानं फिरते का बघू."

त्यांची रीत येथे देतो, कारण अशी गाडी असणाऱ्या वाचकांस ती उपयोगी पडेल. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि निघणारा प्रत्येक नटबोल्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. टाकीतील जुने डिझेल काढून टाकी धुवावी. नोझल काढून सहाही सिलिंडरांत थोडे पातळ तेल सोडावे व काही दिवस थांबावे. मग लांब दांड्याच्या पान्याने इंजिन हळूहळू फिरवून पाहावे. जोर करू नये. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या ब्रेकची रबरे कडक झालेली असतात, ती सर्व बदलल्यावाचून गाडी हातभरही चालवू नये. वेल्ह्यासारख्या अतिपावसाच्या गावी गाडी उभी ठेवताना हँडब्रेक ओढू नये, चाकांस लाकडी ठोकळे लावावेत. अन्यथा ओलीने ब्रेकचे लायनिंग ड्रमला चिकटून बसते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांस 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. परंतु ही व्याख्या खासगी, अव्यापारी वापराच्या दुचाकी-चारचाकींपुरती आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी तीत बसत नाही. ती रस्त्यावर आणावयाची तर नोंदणी, विमा आणि दरवर्षीचे योग्यता प्रमाणपत्र हवेच. म्हणजे शोभेच्या गाडीस कायद्याने वारसा मानले; कष्टाची गाडी मात्र भंगाराच्या वाटेवर राहिली. म्हणूनच आम्ही तूर्त ती स्वतःच्या आवारातच ठेवणार आहोत. तोपर्यंत जुने नोंदणीपुस्तक, कराच्या पावत्या, बिल्ट्या जपाव्यात. त्या गाडीइतक्याच मोलाच्या आहेत.

वैशाखात एके दिवशी मिस्त्रींनी केबिनच्या दारावरील वरचा निळा रंग ओल्या कागदाने हलकेच घासला. खालून पिवळी अक्षरे दिसू लागली : आमच्या आजोबांचे नाव, 'आणि कंपनी', आणि खाली 'मु. पो. वेल्हे'. हाताने, कुंचल्याने लिहिलेली. काका बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे दार रंगवू नका."

दार तसेच ठेवले आहे. इंजिन अद्याप सुरू झालेले नाही. ते पान्याने अर्धा फेरा फिरते आणि अडते. मिस्त्रींचे वय झाले आहे, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा मुलगा मिळालेला नाही. मला काळजी वाटते ती त्याची. गंज थांबविता येतो. त्यांच्या हातातील विद्या त्यांच्याबरोबर गेली तर परत आणता येणार नाही. म्हणून तूर्त त्यांच्या शेजारी बसून ते सांगतील ते मी वहीत लिहून घेतो.

आपल्या गोदामामागेही अशी एखादी गाडी उभी असेल. ती राखावी की द्यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु वजनकाट्यावर चढविण्यापूर्वी तिच्या दारावरचा रंग एकदा घासून पाहा, आणि ती चालविणारे कोणी हयात असतील तर त्यांना घरी बोलवा.