फ्रेम काट्यावर तोलू नका

माउंटन बाइकसाठी कार्बनची फ्रेम वेगळी विकत घ्यायची आणि बाकीचे भाग आपल्या मर्जीने जमवून सायकल बांधायची, ही हौस आता महाराष्ट्रातल्या शहरांतही दिसू लागली आहे. तिला लागणारा पैसा एखाद्या बऱ्या मोटारसायकलीइतका, कधी त्याहूनही जास्त असतो. एवढ्या रकमेचा व्यवहार, तरी गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: वजन किती? विक्रेताही त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो. जाहिरातीत ग्रॅमचा आकडा ठळक असतो आणि बाकी सगळा तपशील बारीक टाइपात. ही उलटी रीत आहे. फ्रेम अंगाला आणि वाटेला जुळते का, तिचे भाग इथे मिळतात का, बिघडली तर इथे दुरुस्त होते का, हे आधी पाहावे. वजनाचा विचार त्यानंतर, आणि तोही सवडीने.

कार्बनचे कौतुक खोटे नाही. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट, तर राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंची साधारण १.६ पट असते. काही मायक्रॉन जाडीचे हे तंतू इपॉक्सी राळेत भिजवून त्यांचे पातळ तक्ते करतात. तक्त्यांचे शेकडो तुकडे कापून ते हाताने साच्यात रचतात आणि उष्णता व दाब देऊन एकजीव करतात. लाकूड जसे रेषांच्या दिशेने चिवट आणि आडवे कच्चे, तसेच हे तक्ते. म्हणून कोणता तुकडा कुठे, किती थर आणि कोणत्या कोनात, यावर फ्रेमचा सगळा गुण ठरतो, आणि तो रंगाखाली झाकलेला असतो. नुसत्या ‘कार्बन’ या लेबलावरून त्याचा पत्ता लागत नाही. वजनावरूनही फारसा लागत नाही, कारण थर कमी केले की कोणतीही फ्रेम हलकी होते. सांताक्रूझ ही कॅलिफोर्नियातली कंपनी एकाच मॉडेलच्या फ्रेमा दोन प्रतींच्या कार्बनमध्ये विकत आली आहे. दोन्हींची ताकद आणि कडकपणा सारखाच, असे ती स्वतःच सांगते. स्वस्त प्रतीचे तंतू कमी कडक असल्याने ते जास्त घालावे लागतात आणि फ्रेम सुमारे पाव किलोने जड होते, फरक तेवढाच. त्या पाव किलोसाठी मात्र खिसा चांगलाच हलका करावा लागतो.

चढावर घाम गाळणाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांच्यासाठी साधा हिशेब मांडतो. स्वार ७० किलोचा, सायकल १२ किलोची, पाणी आणि सामान २ किलो, म्हणजे एकूण ८४ किलो. फ्रेममध्ये अर्धा किलो वाचवला तर बचत ०.६ टक्के. तासाभराच्या घाटात ती फार तर २१-२२ सेकंदांची होते. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घरी ठेवली तरी तितकाच लाभ होतो, तोही फुकट. शर्यतीत तेवढ्या सेकंदांनी पदक हुकते हे खरे, पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली क्रॉस-कंट्री शर्यत आठवा. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे पुढचे चाक पंक्चर झाले आणि त्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला. तरी शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्झ्कीला मागे टाकून त्याने सुवर्ण घेतले. त्याआधीच्या टोकियो ऑलिंपिकचे सुवर्ण त्याने बीएमसी कंपनीच्या फ्रेमवर जिंकले होते, पॅरिसचे पिनारेलोच्या. दोन्ही फ्रेमा उत्तम होत्या, यात शंका नाही, पण पॅरिसला त्याला संकटात टाकले ते टायरने. हौशी स्वारालाही अर्ध्या किलोपेक्षा एक पंक्चर महाग पडते, आणि त्याच्यासाठी वाटेत बदली चाक घेऊन कोणी उभे नसते. तेव्हा वाचलेला पैसा आधी चांगल्या टायरांत, ब्रेकमध्ये आणि पुढच्या सस्पेन्शनमध्ये घालावा. कार्बन धक्के पचवतो असेही सांगितले जाते. एक-सव्वा इंची टायरच्या रोड सायकलीवर ते जाणवतही असेल. सव्वादोन इंची टायर असलेल्या माउंटन बाइकवर मात्र हवा दोन-चार पीएसआयने कमी केली की जो फरक पडतो, त्यापुढे फ्रेमचा वाटा किरकोळ राहतो.

मापांचे म्हणाल तर स्मॉल, मीडियम, लार्ज या अक्षरांवर विसंबू नये, कारण ती कंपनीगणिक बदलतात. बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलांचा आस फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच आणि उभे अंतर म्हणजे स्टॅक. आपल्याला सोयीच्या वाटणाऱ्या सायकलीचे हे दोन आकडे लिहून घ्यावेत आणि नव्या फ्रेमशी ताडून पाहावेत. तिसरा आकडा हेड अँगलचा, म्हणजे हेड ट्यूबच्या जमिनीशी होणाऱ्या कोनाचा. जुन्या माउंटन बाइकमध्ये तो ७०-७१ अंश असायचा, आता ६५ ते ६८ च्या आसपास आला आहे. सह्याद्रीतल्या सुट्या दगडांच्या उतारावर हा कलता कोन सायकल स्थिर ठेवतो. तो आकडा चुकला तर नंतर फ्रेमला फारसे काही करता येत नाही.

बहुतेकांचे अंदाजपत्रक कोसळते ते जोडणीच्या मापांपाशी. घरात जुनी २६ इंची माउंटन बाइक असते, तिचे भाग नव्या फ्रेमला लावू आणि हळूहळू बदलू, असा बेत असतो. पण त्या सायकलीचे मागचे हब १३५ मिलिमीटरचे आणि क्विक रिलीजचे, चिमट्याची नळी वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाच्या आतली. आजच्या बहुतेक फ्रेमा २९ इंची चाकासाठी, मागे १४८ मिलिमीटर हब आणि १२ मिलिमीटरचा आरपार ॲक्सल, पुढे खाली रुंदावत जाणारी नळी, अशा मापाने बनतात. म्हणजे चाके गेली, चिमटा गेला. सीटचा दांडाही बसेलच असे नाही, कारण ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर अशी दोन मापे चालतात आणि ०.७ मिलिमीटरसाठी चांगला दांडा अडगळीत जातो. हमखास हलवता येतात ती हँडल, सीट आणि पायडल. त्यामुळे फ्रेमची किंमत ही फक्त पहिली पायरी असते, हे कागदावर सगळे भाग मांडल्याशिवाय कळत नाही.

याच कागदावर दोन गोष्टी आग्रहाने पाहाव्यात. मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम कच्चा ठेवतात, म्हणजे सायकल आपटल्यावर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पूर्वी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असे. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने यूडीएच नावाचा सामाईक हँगर आणला आणि अनेक कंपन्यांनी तो स्वीकारला. तो असलेली फ्रेम घेतली तर एका वाकलेल्या तुकड्यासाठी परदेशी पार्सलची वाट पाहावी लागत नाही. दुसरी गोष्ट बॉटम ब्रॅकेटची. आटे असलेला, ७३ मिलिमीटरचा साधा प्रकार कोणताही जाणता मिस्त्री एका पान्याने काढतो आणि बसवतो. दाबून बसवायचा प्रेस-फिट प्रकार हलका आणि बनवायला स्वस्त, पण फ्रेमचे भोक किंचित जरी चुकले तरी करकर सुरू होते आणि थांबता थांबत नाही. कित्येक नामांकित कंपन्या अलीकडे पुन्हा आट्यांकडे वळल्या, त्या उगीच नव्हे. आट्यांची फ्रेम काही ग्रॅमने जड असेल, असू द्यावी.

आपल्याकडे याला पावसाचीही जोड आहे. लोणावळा-महाबळेश्वरच्या पट्ट्यात आणि कोकणात सायकल चार महिने चिखलपाण्यातून जाते आणि बेअरिंगे लवकर जातात. हल्ली ब्रेकचे होज आणि केबल हेडसेटमधून, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगांच्या जागेतून, आत घालण्याची फॅशन आली आहे. फोटोत सायकल नीटस दिसते, पण वरचे बेअरिंग बदलायचे तर आधी ब्रेकचे होज सोडा, ते बदला, मग ब्रेकमधली हवा काढा. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. आपल्या हवेत ही रचना शुद्ध खुळेपणा आहे. ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी साचले की ॲल्युमिनियम गंजते. असा सीटचा दांडा पुढे काढताच येत नाही. म्हणून तिथे खास कार्बन पेस्ट लावावी आणि पावसाळ्यात दांडा अधूनमधून बाहेर काढून पुसावा. बांधताना स्टँडचा जबडा फ्रेमच्या नळीवर न आवळता सीटच्या दांड्यावर आवळावा. सीट क्लॅम्पवर छापलेला आकडा, बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपासचा, टॉर्क पान्यानेच पाळावा. हाताच्या अंदाजावर वर्षानुवर्षे पोलादी सायकली बांधलेला कुशल मिस्त्रीसुद्धा इथे फसू शकतो, कारण आवळताना चिरडलेला कार्बन वरून तसाच्या तसा दिसतो.

इथे विरोधी बाजूचे लोक म्हणतील, एवढे जपायचे तर कार्बन घ्यायचाच कशाला, तो अचानक तुटतो ना? ही भीती अर्धवट आहे. वारंवार पडणाऱ्या ताणाने ॲल्युमिनियमही थकते आणि तडकते. त्या बाबतीत नीट बनवलेला कार्बन सरस ठरतो. त्याचे वैर आहे ते एका जागी बसणाऱ्या दगडाच्या माऱ्याशी आणि चुकीच्या आवळण्याशी. खालच्या नळीला संरक्षक पट्टी आणि हाती टॉर्क पाना, एवढ्याने बरेचसे भागते. शिवाय तडा गेलेली जागा घासून नवे थर चढवता येतात. काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, इतकेच. चिनी फ्रेमांबद्दलही तुच्छतेने बोलले जाते, पण मोठ्या ब्रँडांच्या पुष्कळ फ्रेमा तैवान, चीन आणि व्हिएतनाममध्येच बनतात. उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच फसवा: ‘त्याच कारखान्यातली आहे, फक्त स्टिकर नाही.’ कारखाना एक असला म्हणून आतले थर एक नसतात. सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात माउंटन बाइकच्या फ्रेमला पायडलच्या बाजूने १,२०० न्यूटनचा जोर १ लाख वेळा सोसावा लागतो. ही किमान पात्रता आहे, पण तिचा चाचणी अहवाल दाखवू न शकणाऱ्याकडून फ्रेम घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो. हमीचेही असेच. ‘लाइफटाइम’ हमी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरती असते आणि अपघात तिच्या बाहेर असतो. परदेशातून परस्पर आणलेल्या फ्रेमची जबाबदारी इथला वितरक घेईलच असेही नाही.

हौसेला मोल नसते, हे मान्य. ज्याला सर्वांत हलकी फ्रेम भिंतीवर टांगून पाहण्यातच आनंद आहे, त्याच्याशी वाद नाही. बाकीच्यांसाठी विक्रेत्यांनी जाहिरातीत ग्रॅमच्या शेजारी तितक्याच ठळक अक्षरांत रीच, स्टॅक, बॉटम ब्रॅकेटचा प्रकार, हँगरचा प्रकार आणि चाचणीचे मानक छापायला हवे. ते छापत नसतील तर गिऱ्हाइकाने हे सगळे लेखी मागावे, आणि उत्तर येईपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.